लेक टच की लेक व्ह्यू? तंबू बुक करण्याआधी धरणाची टक्केवारी बघा

दिवाळी झाली की सोलापुरातल्या ग्रुपांवर पवना, भंडारदरा, भिगवणच्या तंबूंचे फोटो फिरू लागतात आणि त्याखाली ठरलेला सल्ला येतो: "माणशी दोन-तीनशे जास्त जाऊ देत, पण लेक टचच घ्या." लेक टच म्हणजे पाण्याच्या अगदी काठावरचा तंबू आणि लेक व्ह्यू म्हणजे थोडा वरचा, जिथून पाणी नुसतं दिसतं तो. पहिला भारी आणि दुसरा पैसे वाचवणाऱ्यांसाठी, असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय. वर्षानुवर्षं हेच वाचून कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. या दोन्ही जागांचा ऋतू वेगळा आहे आणि तिथे कोणी राहावं हेही वेगळं आहे.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. डोम तंबूत वाकून शिरायचं, झोपायचं आणि सकाळी बाहेर पडायचं. स्विस तंबूला ओटा, पलंग, पंखा असतो आणि बहुतेक ठिकाणी मागेच बाथरूम. 'पिचिंग' लिहिलं असेल तर तंबू आपला न्यायचा, ते फक्त जागा देतात. दर माणशी की तंबूमागे, त्यात जेवण धरलंय का, हे एका फोनवर कळतं.

आता खरा मुद्दा. जाहिरातीत ज्याला लेक म्हणतात तो धरणाचा जलाशय असतो. पिंपरी-चिंचवड पवनेचं पाणी पितं. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेवरच्या, १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवलेलं. भिगवणचं पाणी तर आपल्याच उजनीचं. धरण पावसाळ्याअखेर भरतं आणि मग पुढच्या पावसापर्यंत उतरत जातं. पाऊस लांबला की उजनीची टक्केवारी घरोघर विचारली जाते, त्यामुळे सोलापूरकराला हे नवं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचा मृत साठाही उपसला जात होता. पाणी असं उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तिकडे पवनेत वाघेश्वराचं. रोज टक्केवारी बघणारा माणूस तंबू बुक करताना मात्र हे सगळं विसरतो आणि ऑक्टोबरात काढलेला फोटो बघून एप्रिलचे पैसे भरतो.

पाणी उतरलं की कॅम्पवाले काय करतात? डोम तंबू उचलतात आणि पाण्यामागे खाली नेतात. लेक टच म्हणून पैसे घेतलेत, तर पाणी जवळ दिसायला हवं ना! पण संडास, बाथरूम, स्वयंपाकघर, गाडी लावायची जागा हे सगळं वर, भरलेल्या धरणाच्या रेषेच्या पलीकडेच राहतं. त्या रेषेच्या खाली काही बांधलं तर पुढच्या पावसाळ्यात ते पाण्यात जाणार. म्हणजे महिन्यागणिक तंबू आणि संडास यांच्यातलं अंतर वाढत जातं, आणि मधली वाट असते गाळाची, भेगाळलेली, दगडगोट्यांची. रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात आजीला किंवा चार वर्षांच्या पोराला घेऊन तो चढ चढायचा, ही गोष्ट फोटोत दिसत नाही. लेक व्ह्यूचे तंबू याच रेषेच्या वर असतात. पाणी कितीही मागे गेलं तरी तुमची रात्र तीच राहते.

हिवाळ्यात पाणी जवळ असतं, तेव्हा दुसरी अडचण येते ती दवाची. आपली थंडी कोरडी, म्हणून सोलापूरकर इथे हमखास फसतो. पाण्यालगतच्या हवेत ओल आधीच जास्त. त्यात रात्री उतारावरची जमीन निवते, तिच्यावरची हवा गार आणि जड होऊन खालच्या सपाटीकडे सरकते. वर उघडं आभाळ असल्याने तंबूचं कापडही झपाट्याने थंड पडतं. बाहेरून दव आणि आतून झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ, दोन्ही त्याच कापडावर बसतात. एकेरी कापडाचा डोम पहाटेपर्यंत आतून ठिबकायला लागतो. घरून नेलेली चादर सुती असते, ती ओल पिते, आणि ओली सुती चादर ऊब देत नाही. चादर जरूर न्या, पण ती अंगालगत घ्या, वर लोकरीचं काहीतरी असू द्या आणि अंथरूण तंबूच्या भिंतीला टेकू देऊ नका. थोडं वर, झाडाखाली तंबू असेल तर दव पुष्कळ कमी पडतं, कारण झाडाच्या छताखाली जमीन तेवढी निवत नाही. वारा आणि डासांबद्दल वेगळं सांगत नाही, दोन्ही काठावर जास्तच.

भिगवणला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात चरतात. म्हणजे पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा पक्षी बघायला उत्तम आणि लेक टच तंबूला वाईट. तिथे मुक्काम वर करा आणि पहाटे कुंभारगावहून नावेने जा. आणि कृपा करून पाण्याकाठी स्पीकर लावू नका. शांत रात्री पाण्यावरून आवाज लांबवर जातो. शेजारच्या कॅम्पला आणि पाखरांना तुमची गाणी नको असतात.

माझं मत ठाम आहे. घरातली म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर बाराही महिने लेक व्ह्यूच घ्या, तोही संडासाजवळचा. अंतराचा विषय सोडला तरी, जलाशयाचा तळ नदीकाठासारखा ओळखीचा नसतो. खाली बुडालेली शेतं, विहिरी, भिंती असतात, आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडू शकतं. लेक टच घ्यायचाच असेल तर तरण्या मंडळींनी ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घ्यावा. तेव्हा धरण भरलेलं असतं, थंडी बोचरी नसते आणि वरच्या सोयीही हाकेच्या अंतरावर असतात.

बुकिंगच्या फोनवर "लेक टच आहे का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "हो"च येईल. त्याऐवजी आज पाणी तंबूपासून किती पावलांवर आहे आणि संडास किती पावलांवर, हे विचारा. तंबू एकेरी कापडाचा की दुहेरी, तेही विचारा. मग आज काढलेला व्हिडिओ मागवा, ज्यात तंबूच्या दारातून कॅमेरा पाण्याकडे आणि मग मागे चढाकडे फिरवलेला असेल. तो पाठवायला टाळाटाळ झाली तर दुसऱ्या कॅम्पला फोन लावा.