जेरी राइस खरंच कुणालाच नको होता?

अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबचे पास झेलणारा खेळाडू म्हणजे वाइड रिसीव्हर. त्यांतला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा जेरी राइस पळायला संथ आणि आडगावच्या कॉलेजातला, म्हणून कुणी त्याला विचारत नव्हतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. म्हणे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर्टीनाइनर्स' संघाला नशिबानं मिळाला.

कॉलेज लहान होतं, एवढंच खरं. मिसिसिपी व्हॅली स्टेटकडून १९८४ मध्ये त्यानं २७ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, झेलले आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तो नववा आला. अशा पोराला अनोळखी कसं म्हणायचं?

१९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, फोर्टीनाइनर्स गतविजेते होते, त्यामुळे पहिल्या फेरीत त्यांचा नंबर शेवटचा, २८ वा. तोवर राइस उरणार नाही हे प्रशिक्षक बिल वॉल्श ओळखून होते. त्यांनी आपले निवडीचे काही क्रमांक न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाला देऊन १६ वा क्रमांक पदरात पाडून घेतला. हे नशीब नव्हे, ठरवून केलेला सौदा! त्याच्याआधी अल टून आणि एडी ब्राउन हे दोनच रिसीव्हर निवडले गेले होते.

संथपणाची दंतकथा ४० यार्डांच्या शर्यतीतल्या वेळेवर उभी आहे. सरळ रेषेत पळताना काही जण त्याच्यापुढे जात, हे मान्य. पण चेंडू हातात आल्यावर त्याला गाठणं बचावपटूंना जड जायचं. पहिल्या मोसमात हातातून पास सुटले, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण त्याच डिसेंबरात रॅम्स संघाविरुद्ध त्यानं पास झेलून २४१ यार्ड मिळवले. कारकीर्द संपली तेव्हा खात्यावर २२,८९५ यार्ड होते.

त्याच्याबद्दल सांगितली जाणारी, वडिलांच्या हाताखाली गवंडीकामात विटा झेलल्याची गोष्ट मात्र खरी आहे.