पांढरा डाग आणि भज्यांखालचा कागद

भाचीने सकाळी साडेसहाला फोटो पाठवला. दोन वर्षांच्या लेकीचे वरचे पुढचे दोन दात, आणि हिरडीलगत खडूने रेघ ओढावी तसे पांढरे पट्टे. दुपारपर्यंत घरच्या ग्रूपवर निदानं होऊन गेली : कॅल्शियम कमी पडलंय, जंत झालेत, बोअरच्या पाण्याचा परिणाम आहे. संध्याकाळी भाचीचा पुन्हा मेसेज : "मामा, डाग आता दिसतच नाहीयेत!" तोवर आजीने मंजन चोळलं होतं, त्यामुळे श्रेय मंजनाला गेलं.

मंजनाने काहीही केलेलं नव्हतं. पोरीला सर्दी होती, ती तोंड उघडं टाकून झोपली, दात कोरडे पडले. दिवसभरात ते लाळेने पुन्हा भिजले. डाग जिथल्या तिथेच होता.

हा डाग म्हणजे दातावर काही पांढरं साठलेलं नसतं, उलट आतून काही निघून गेलेलं असतं. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. दाटीवाटीने रचलेल्या या स्फटिकांतून प्रकाश बराचसा आरपार जातो. साखर खाऊन जिवाणू आम्ल तयार करतात, दातालगतचा सामू (pH; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या आसपास किंवा त्याखाली उतरला की स्फटिकांतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. गंमत अशी, की वरचा पापुद्रा बराचसा शाबूत राहतो, कारण आतून बाहेर निघालेलं खनिज वाटेत तिथेच पुन्हा बसतं आणि लाळेतूनही थोडं मिळतं. पोकळी होते ती त्याच्या खाली. असंख्य सूक्ष्म छिद्रं.

आता भजी ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद आठवा. कागदाचे तंतू स्वतः पांढरे नसतात. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश इतक्या वेळा वळतो, उसळतो, की सगळा विखरून परत येतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. अपवर्तनांक म्हणजे एखादा पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप. तंतूंचा अपवर्तनांक साधारण 1.5, हवेचा 1. तेलाचा 1.47. हवेची जागा तेलाने घेतली की फरक जवळजवळ मिटतो आणि मागच्या पानावरची जाहिरात दिसायला लागते.

दातातही तेच. अपवर्तनांक एनॅमलचा 1.62, पाण्याचा 1.33, हवेचा 1. सपाट सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत फिरतो, हे दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला बेरजेने भागून, त्याचा वर्ग करून मिळतं. एनॅमल-पाणी : सुमारे 1 टक्का. एनॅमल-हवा : साडेपाच टक्क्यांच्या वर. छिद्रं इतकी बारीक, की हे सूत्र तिथे तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते. छिद्रांत पाण्याऐवजी हवा शिरली की विखुरणं कितीतरी वाढतं. म्हणून दंतवैद्य दातावर पाच सेकंद हवा मारून बघतात. कोरड्यावरच दिसणारा डाग अजून कोवळा, ओल्या दातावरही दिसणारा पुढे गेलेला. याच हिशेबावर एक उपचारही आहे : साधारण 1.5 अपवर्तनांकाचं पातळ रेझिन छिद्रांत मुरवायचं. भज्यांचं तेलच ते!

ग्रूपवरच्या निदानांचं काय? एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात आणि एनॅमलला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे कॅल्शियमचं सिरप कितीही पाजलं तरी ते रक्तातून या डागापर्यंत पोचत नाही. बोअरचं पाणी मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. पण फ्लोरोसिसच्या, म्हणजे जास्तीच्या फ्लोराइडमुळे उमटणाऱ्या, रेघा जोडीच्या दातांवर सारख्या, आडव्या, दातभर पसरलेल्या असतात आणि बहुतेक करून कायमच्या दातांत दिसतात. दुधाच्या दातांचं एनॅमल पोटात असताना आणि पहिल्या वर्षातच घडून जातं.

जंतांबद्दल काय बोलावं! दातातली 'कीड' धुरी देऊन पाडून दाखवणारे अजून भेटतात. धुरीत टाकलेलं खुरासानी ओव्याचं बी तापून फुटलं की आतला पांढरा कोंब बाहेर येतो. वाटीत पडलेल्या 'अळ्या' त्याच.

भाचीच्या लेकीचं कारण बाटली होतं. रात्री दूध पितापिता झोपायची सवय. झोपेत लाळ आटते. खालच्या दातांवर जीभ असते, त्यांच्याजवळ लाळग्रंथींची तोंडंही उघडतात. वरचे पुढचे दात उघडे पडतात. दंतवैद्यांनी फ्लोराइडचं वार्निश लावलं, रात्रीची बाटली बंद करायला सांगितली, आणि फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, सकाळी आणि झोपताना. पृष्ठभाग फुटलेला नसेल तर खनिज परत बसू शकतं. तीन महिन्यांनी डागाचा खडूसारखा खरखरीतपणा गेला होता, चकाकी आली होती. पांढरेपणा थोडा आहे अजून. सर्दी झाली की जास्त दिसतो.