लीळा आणि दृष्टांत

तेराव्या शतकातील महानुभाव गद्याचे दोन कथनप्रकार. मराठी कथेचा आरंभ एकोणिसाव्या शतकात शोधणाऱ्याने आधी या दोघांकडे पाहायला हवे.

लीळा म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आयुष्यातला एक प्रसंग. गाव कोणते, जवळ कोण होते, कोण काय बोलले, एवढे सांगून ती थांबते. वाक्ये लहान, संवाद बोलीतला. निवेदक स्वतः जवळजवळ दिसतच नाही. स्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी रिद्धपुरात (अमरावती जिल्हा) प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवल्या. कथनातला हा प्रामाणिकपणा थक्क करणारा आहे. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे ग्रंथाचे तीन भाग आहेत. नागपूर जिल्ह्याचा धागा थेट या चरित्राच्या उगमाशी जुळतो: गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला म्हणून निघालेल्या हरपाळदेवाला वाटेत रिद्धपुरी गुरू गोविंदप्रभू भेटले आणि पुढे तोच चक्रधर झाला.

दृष्टांताची घडण वेगळी. लीळेतली माणसे नावागावाची, तर दृष्टांतात बहुधा ‘कोणी एक’. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची बांधणी तीन पदरी आहे: स्वामींचे सूत्र, मग गोष्ट, शेवटी गोष्टीचा अर्थ उलगडणारे दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट यातच येते. पाय हाती लागलेला हत्तीला खांब म्हणतो, कान लागलेला सूप. एका अंगालाच पूर्ण ईश्वर मानणाऱ्यांवर तिचा रोख आहे. दार्ष्टांतिक झाकून आधी नुसती गोष्ट वाचावी. तिची ताकद तेव्हा कळते. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना चक्रधरांनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य यांनी अडवले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळले नसते. गद्याचा सोपेपणा असा ठरवून आलेला आहे.

पंथाने हे वाङ्मय सांकेतिक लिपीत जपल्यामुळे बाहेरच्या वाचकाला ते विसाव्या शतकापर्यंत बंदच होते. ते खुले करण्यात नागपूरच्या अभ्यासकांचा वाटा मोठा. हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्र संपादून प्रसिद्ध केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी महानुभाव साहित्याच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. त्यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली.