पंचावन्न टक्क्यांच्या बदल्यात आलेला राखणदार

कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या माणसाला दर शरद ऋतूत काउंटीकडून मालमत्ता कराचं बिल येतं. फ्रीमाँट किंवा सॅन होजेच्या मराठी घरांनाही ते चुकलेलं नाही. मूळ कर एका ओळीत संपतो. त्याखाली शाळेच्या रोख्यांच्या, कम्युनिटी कॉलेजच्या रोख्यांच्या बारीक ओळी सुरू होतात. अमुक वर्षी मतदारांनी मंजूर केलेलं कर्ज, आणि त्याचा यंदाचा हप्ता. या पैशांतून वर्ग, प्रयोगशाळा, छपरं उभी राहतात. तो खर्च नीट होतो की नाही हे पाहायला गावातल्याच लोकांची एक समिती असते. ती कशी आली हे समजायला थोडं मागे जावं लागतं, कारण तिचा जन्म सौद्यातून झाला.

१८७९ च्या राज्यघटनेपासून तिथे नियम होता की स्थानिक संस्थेला असं कर्ज काढायचं तर दोन तृतीयांश मतं हवीत. जून १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ (प्रपोझिशन म्हणजे राज्यातल्या मतदारांपुढे थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) मंजूर झालं आणि मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला गेला. मूल्यांकनही वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येईना. जुन्या कर्जांच्या हप्त्यांसाठी त्याहून जास्त कर लावायची मुभा होती, नव्या कर्जांसाठी नव्हती. शाळा बांधायचा नेहमीचा मार्गच बंद झाला. १९८६ मध्ये प्रपोझिशन ४६ ने तो पुन्हा उघडला, पण दोन तृतीयांशाची अट कायम ठेवून. पुढची चौदा वर्षं अनेक ठिकाणी एकच गोष्ट घडत राहिली. साठ-बासष्ट टक्के लोक ‘हो’ म्हणायचे आणि प्रस्ताव पडायचा. शाळेच्या मागच्या मैदानात तात्पुरत्या म्हणून आणलेल्या खोल्या कायमच्या होऊन बसायच्या.

लॉस एंजेलिसचं उदाहरण बोलकं आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिथला शाळांसाठी २.४ अब्ज डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव बीबी अगदी थोडक्यात हुकला. एप्रिल १९९७ मध्ये तोच पुन्हा मतदारांपुढे ठेवला, तेव्हा सोबत नागरिकांच्या देखरेख समितीचं आश्वासन होतं, आणि तो सत्तरहून जास्त टक्क्यांनी मंजूर झाला. समितीचं अध्यक्षपद स्टीव्ह सोबोरॉफ या व्यावसायिकाकडे गेलं. कायद्यात अशा समितीचा पत्ता नसताना ही समिती कामाला लागली होती. त्याच सुमारास शहरात बेलमाँट शाळेचं बांधकाम जुन्या तेलक्षेत्रावर चालू होतं. जमिनीखाली मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असल्याचा प्रश्न पेटला आणि २००० मध्ये काम थांबलं. ती शाळा दुसऱ्या नावाने उघडायला २००८ उजाडलं. बेलमाँटचा पैसा बीबीतून आला नव्हता. पण एवढा बारकावा लोक कुठे पाहतात? शाळांच्या बांधकामावर कुणीतरी नजर ठेवायला हवी, हे मात्र सगळ्यांच्या मनात बसलं.

गंमत म्हणजे शाळेच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाची नजर फार जुनी आहे. मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात कितीतरी शाळा कोसळल्या. धक्का संध्याकाळी सहाच्या सुमाराला बसला म्हणून वर्ग रिकामे होते. महिनाभरात फील्ड कायदा झाला, आणि तेव्हापासून सरकारी शाळेचा आराखडा राज्याकडून तपासला जातो, कामावर निरीक्षक असतो. सिमेंट-सळईसाठी एवढी कडक व्यवस्था असताना पैशांवर सामान्य माणसाने नजर ठेवायची कायदेशीर सोय व्हायला आणखी सदुसष्ट वर्षं लागली.

ती २००० साली झाली. त्याआधी १९९३ मध्ये साध्या बहुमतावर शाळांची कर्जं मंजूर करू द्यावीत असा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला होता. मार्च २००० मध्ये तशीच मागणी करणारं प्रपोझिशन २६ पुन्हा हरलं, पण या वेळी थोडक्यात. मग समर्थकांनी आकडा पन्नासवरून पंचावन्नवर नेला आणि ‘आर्थिक जबाबदारी’ हे शब्द थेट प्रस्तावाच्या नावातच घातले. नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ३९ मंजूर झालं, ५३ टक्क्यांच्या आसपास मतांनी. म्हणजे शाळांना पंचावन्न टक्क्यांची अट घालणारा नियम स्वतः पंचावन्न टक्केही मिळवू शकला नव्हता!

राज्यघटनेत काय आलं आणि साध्या कायद्यात काय आलं, हा फरक महत्त्वाचा आहे. घटनेत आलं ते असं: कामांची यादी मतदानाआधी जाहीर करा, या पैशांतून शिक्षक-प्रशासकांचे पगार देऊ नका, दरवर्षी हिशेबाचं आणि कामगिरीचं अशी दोन लेखापरीक्षणं करा. देखरेख समिती मात्र विधिमंडळाने त्याच वर्षी केलेल्या एबी १९०८ या जोडकायद्यातून आली. किमान सात सभासद. व्यापारी संघटनेतला एक, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला एक, करदात्यांच्या संघटनेतला एक, एक पालक आणि पालक-शिक्षक संघात काम करणारा आणखी एक पालक. स्कूल डिस्ट्रिक्टचा (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा) नोकर, ठेकेदार, पुरवठादार, सल्लागार चालणार नाही. मानधन नाही, सभा खुल्या, वर्षातून निदान एक अहवाल.

मेख पुढे आहे. या सभासदांना नेमतं कोण? ज्याच्या खर्चावर लक्ष ठेवायचं तेच शाळेचं बोर्ड. समितीला खर्च अडवता येत नाही, ठेका रद्द करता येत नाही. ती पाहते, विचारते, लोकांना सांगते. मला यात कायदा करणाऱ्यांचा निष्काळजीपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. शाळांना सोपं मतदान हवं होतं, करदात्यांना पहारा. राखणदार मिळाला, किल्ल्या मालकाकडेच राहिल्या. खरे दात कायद्याने समितीला नव्हे, नागरिकाला दिले: तिथला कोणीही करदाता गैरखर्चाविरुद्ध थेट कोर्टात जाऊ शकतो.

ते दात सॅन डिएगोत दिसले. तिथे २००८ मध्ये २.१ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर झाले होते. हूव्हर हायस्कूलच्या मैदानावर त्यातून रात्रीच्या सामन्यांचे दिवे लावायचं ठरलं. मामला कोर्टात गेला. मतदारांपुढे ठेवलेल्या यादीत हे दिवे नाहीत, असं २०१३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं. यादी म्हणजे निवडणुकीचं पत्रक नव्हे, हे त्यानंतर डिस्ट्रिक्टांचे वकील जास्त गंभीरपणे घेऊ लागले असावेत.

समितीच्या खिडकीतून जे दिसतच नाही त्याचं उदाहरण शेजारच्या पोवेचं. २०११ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्टने १० कोटी ५० लाख डॉलर अशा रोख्यांनी उभे केले की पहिली वीस वर्षं एक पैसा फेडायचा नाही. व्याज मुद्दलात साचत जाणार आणि अखेरची परतफेड ९८ कोटींच्या घरात. बांधकाम यादीप्रमाणेच होतं, मग समिती बोट कशावर ठेवणार? पैसा कसा खर्चला हे तिचं काम, कसा उसना घेतला हे नाही. बातम्या झाल्यावर २०१३ मध्ये विधिमंडळाने अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणली आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीहून जास्त होऊ नये असं बंधन घातलं.

लॉस एंजेलिसमध्ये त्याच वर्षी वाद वेगळाच होता. रोख्यांच्या पैशांतून विद्यार्थ्यांना आयपॅड द्यायचे होते. टॅब्लेट तीन-चार वर्षांत म्हातारा होतो, त्याचं कर्ज मात्र फिटायला दशकं लागतात; हा प्रश्न समितीच्या बैठकांतही निघाला. २०१४ मध्ये करार थांबला, डिसेंबरमध्ये एफबीआयने कागदपत्रांची खोकी उचलून नेली. पुढे आरोपपत्र कुणावरच दाखल झालं नाही.

समित्यांना प्रशिक्षण द्या, त्यांचे अधिकार स्पष्ट करा, असं सरकारी कारभार तपासणाऱ्या राज्याच्या लिटल हूव्हर आयोगाने २०१७ च्या अहवालात म्हटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच सौदा घरबांधणी आणि रस्ते-पाण्याच्या कर्जांना लावायचा प्रयत्न झाला: पंचावन्न टक्के मतं, सोबत लेखापरीक्षण आणि नागरिकांची समिती. त्याच मतपत्रिकेवर शाळांसाठी राज्याचे १० अब्ज डॉलरचे रोखे मतदारांनी मंजूर केले. घरबांधणी-रस्त्यांचा प्रस्ताव, प्रपोझिशन ५, मात्र त्यांनी नाकारला. विरोधात पडलेली मतं होती सुमारे ५५ टक्के.