हीट नंबर जुळला, तरी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीतून कास्टिंग बाहेर पडतं तेव्हा त्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक असतो आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेट. घेणारा दोन्हींवरचे नंबर जुळवतो, मगच माल उतरवून घेतो. आता समजा, वाटेत कुणी कास्टिंग बदललं आणि सर्टिफिकेटही नवं छापून दिलं. नंबर जुळणारच! लबाडी उघडी पडेल ती फाउंड्रीला फोन करून तिथल्या रजिस्टरमधला नंबर विचारला तर.

सॉफ्टवेअरमधलं हे सर्टिफिकेट म्हणजे लॉकफाइल. खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्थेसाठी पिग्मीचं ॲप बनवणारी आपली मुलं सगळा कोड स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी लिहिलेली पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे घेतात, आणि ती आणखी दुसऱ्यांवर विसंबलेली असतात. दहा मागवली की शेकडो येतात. लॉकफाइलमध्ये त्या प्रत्येकाचं नाव, नेमकी आवृत्ती, कुठून आणायचं तो पत्ता आणि हॅश लिहिलेला असतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एसएचए-५१२ पद्धतीत ती ५१२ बिटांची असते. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी खूण पार बदलते, आणि हुबेहूब तीच खूण येईल अशी दुसरी फाइल घडवणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

म्हणून चोर खुणेच्या वाटेला जात नाही, तो यादीच बदलतो. मदत म्हणून एखादी किरकोळ दुरुस्ती पाठवतो आणि तिच्याबरोबर लॉकफाइलच्या दोन ओळी: पत्ता स्वतःच्या सर्व्हरचा, खूण स्वतःच्या विषारी फाइलची. संगणक जुळवून बघतो, जुळतं. हजारो ओळींची ही फाइल यंत्राने लिहिलेली, म्हणून माणूस ती वाचत नाही. कोड ठेवायची आणि त्यातले बदल तपासायची गिटहब ही साइटसुद्धा तिच्यातले बदल मिटून ठेवतं, मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाहीत. दुकानदाराची रोजची पिग्मी ज्या ॲपमधून जाते, तिथे ही न वाचण्याची सवय मला फार धोक्याची वाटते.

उपाय म्हणजे तोच फाउंड्रीला फोन. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठाराची रजिस्ट्री असते, तिच्याकडे त्या आवृत्तीची खूण विचारायची आणि लॉकफाइलशी ताडून बघायची. पत्ता रजिस्ट्रीचाच आहे का, त्यातलं नाव त्याच पॅकेजचं आहे का, हेही पाहायचं. पत्ते तपासायला ‘लॉकफाइल-लिंट’ हे मोफत साधन आहे, तर ‘एनपीएम ऑडिट सिग्नेचर्स’ ही आज्ञा रजिस्ट्रीची डिजिटल सही पडताळते. लॉकफाइल बदलली की हे आपोआप चालेल, अशी सोय आधीच करून ठेवावी.

फाउंड्रीतच भेसळ झाली तर मात्र रजिस्टरही तेच सांगणार. ८ सप्टेंबर २०२५ रोजी असंच झालं. बनावट ईमेलने पॅकेजेस लिहिणाऱ्या एकाचं खातं बळकावून ‘चॉक’, ‘डीबग’ अशा १८ पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या थेट रजिस्ट्रीवर चढवल्या गेल्या. काही तासांत त्या काढल्या. ज्यांच्या लॉकफाइलमध्ये जुन्या आवृत्त्या होत्या आणि ज्यांनी त्या वेळात यादीबाहेरचं काहीच न घेणारी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वापरली, त्यांच्याकडे तो माल उतरलाच नाही.