कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत अँटिबायोटिक ड्रॉप्स घालण्यापूर्वी

बाटली उघडण्याआधी लेबलावरची बारीक अक्षरे वाचा. टोब्रामायसिन ०.३ टक्के, ऑफ्लॉक्सासिन ०.३ टक्के किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के असे एकच औषध असेल, तर ते निव्वळ अँटिबायोटिक. जोडीला डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड गेले तर जखम भरायची थांबते, खोल जाते आणि डोळा फुटण्याचीही वेळ येऊ शकते. मागच्या वेळी लाली दोन दिवसांत गेली म्हणून उरलेली बाटली पुन्हा वापरू नका. लाली गेली म्हणजे तेव्हा जखम नव्हती किंवा आता नाही, असे होत नाही. जखम शोधायला पशुवैद्य डोळ्यात फ्लुरोसिन हा रंग घालतात. जखमेच्या जागी तो धरून राहतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो.

कुत्र्यांमध्ये केवळ जंतूंमुळे डोळे येण्याचे प्रमाण कमी असते. बहुतेकदा आधी दुसरे काही बिघडलेले असते: पापणी आत वळलेली, तिसऱ्या पापणीमागे (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा) गवताचे कुसळ अडकलेले, नाहीतर डोळा कोरडा पडलेला. कोरड्या डोळ्यातली चिपडे चिकट असतात, बोटाने ओढली तर तार धरतात. ड्रॉप्स चालू असेपर्यंत बरे वाटते, थांबवले की आठवड्याभरात पुन्हा तेच. अशा कुत्र्याची अश्रूंची चाचणी करून घ्या. पापणीत कागदी पट्टी एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली राहिली तर अश्रूच कमी आहेत आणि उपचार वेगळा लागतो.

मांजरांमध्ये हर्पिस हा विषाणू आणि क्लॅमिडिया हे जिवाणू ही नेहमीची कारणे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते फक्त वरून होणारा जंतुसंसर्ग आवरते. क्लॅमिडियाला नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत, पोटातून औषध द्यावे लागते, बहुधा तीन-चार आठवडे. डोळे अजून न उघडलेल्या पिल्लाची पापणी फुगलेली दिसली, तर आत पू साठलेला असू शकतो. त्याला लगेच दाखवा, पापणी घरी उघडू नका.

आता ड्रॉप्स घालण्याची पद्धत. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडांवर थोडा वेळ धरा, मऊ झाली की पुसून घ्या. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. चिपडे तशीच राहिली तर औषध त्यांच्यावरच सांडते. मांजराला टॉवेलात गुंडाळा, कुत्र्याला भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागे सरकता येत नाही. एका हाताने हनुवटी उचला. बाटलीचा हात डोक्यावर टेकवा आणि त्याच हाताच्या कडेने वरची पापणी हलकेच मागे ओढा. जनावराने मान हलवली तरी हात तिच्यासोबत हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. बाटली समोरून आणू नका, ती दिसली की डोळा मिटतो. टोक डोळ्याला, पापणीला किंवा केसांना लागू देऊ नका, लागले तर जंतू थेट बाटलीत जातात.

थेंब एकच. डोळ्यात मावते त्यापेक्षा तो मोठाच असतो, दुसरा गालावर ओघळतो. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या, मलम सर्वांत शेवटी. औषध नाकातून घशात उतरते आणि कडू लागते, म्हणून मांजराच्या तोंडाला थोडा वेळ फेस येतो, त्याने घाबरू नका. पण तोंड सुजले किंवा श्वास लागला तर ती अ‍ॅलर्जी समजा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. क्लोरॅम्फेनिकॉल असेल तर हातमोजे घाला.

दिवसातून किती वेळा, हे पशुवैद्य ठरवतील. साधारण तीन-चार वेळा असते, चिघळलेल्या जखमेला दर एक-दोन तासांनीही लागते. डोळा स्वच्छ दिसला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि २८ दिवसांनी, उरले असले तरी, टाकून द्या. पंजाने डोळा चोळत असेल तर गळ्यात शंकूच्या आकाराची संरक्षक कॉलर घाला, नाहीतर नखाने नवी जखम होते.

दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा. डोळा घट्ट मिटून ठेवला, बुबुळ निळसर-पांढरे झाले, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या किंवा डोळा बाहेर आला, तर ड्रॉप्सचा परिणाम पाहत बसू नका, त्याच दिवशी न्या.