दारावरचा काळा पट्टा

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचं पुढचं चाक माझ्या पांढऱ्या गाडीच्या दाराला घासून गेलं. वीतभर लांब, दोन बोटं रुंद काळा पट्टा. वॉचमनकाका हिरवी घासणी घेऊनच आले. "साहेब, दोन मिनिटांत साफ!" त्यांना घाईघाईने थांबवलं. पट्टा दोन मिनिटांत गेला असता यात शंका नाही, पण दाराची चकाकीही सोबत गेली असती.

आधी पट्ट्यावरून नख फिरवून पाहिलं. ते कुठे अडकलं नाही. उलट पट्टा पत्र्यापेक्षा किंचित वर आल्यासारखा लागला. म्हणजे रंगाला चरा पडला नव्हता. टायरच स्वतःचा थोडा भाग दारावर ठेवून गेला होता. घासाघाशीत रबर तापतं, त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि समोरच्या पृष्ठभागावर एक चिकट थर पसरतो. काळेपणा मात्र रबराचा नव्हे. नैसर्गिक रबर फिकट असतं. टायरला मजबुती यावी म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी मिसळतात, आणि तीही चिमूटभर नाही तर टायरच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा. त्यामुळे अशा डागावर कोरडं फडकं मारलं की तो निघत नाही, फक्त पसरतो.

आता त्याच्या खाली काय आहे ते पाहू. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे साधारण चार थर असतात: गंजरोधक, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी भरते जेमतेम वहीच्या एका पानाएवढी, शंभर-सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. गाडीची चमक आणि उन्हापासूनचा बचाव याच थरावर अवलंबून. हिरव्या घासणीच्या धाग्यांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी कठीण खर चिकटवलेली असते. क्लिअर कोट तिच्यापुढे लोण्यासारखा. टूथपेस्टचा घरगुती उपाय त्या मानाने सौम्य, पण तीही घासूनच काम करते.

घासायचं नाही, तर मग काय? विरघळवायचं? इथे एक गंमत आहे. चार्ल्स गुडइयरने 1839 साली रबर गंधकासोबत तापवलं आणि ते उन्हात न चिघळणारं झालं, कारण गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधून टाकल्या. असं बांधलेलं रबर कुठल्याच साध्या द्रवात विरघळत नाही. ते भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं. आपल्याला तेवढं पुरेसं आहे. फुगलेलं रबर मऊ पडतं, त्याची पत्र्यावरची पकड सुटते आणि हलक्या हाताने पुसलं तरी ते फडक्यावर येतं.

पाणी आणि शाम्पूचं इथे फारसं चालत नाही. रबर हे हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनचं बनलेलं. त्याचं सख्य हायड्रोकार्बनशीच. रॉकेल किंवा रंगवाल्याच्या दुकानात मिळणारं टर्पेन्टाइन त्यात सहज शिरतं. क्लिअर कोटची वीण घट्ट आणि रसायन वेगळं, म्हणून एक-दोन मिनिटांत हे द्रव त्याला काही करत नाहीत. थिनरचं तसं नाही. त्यातले ॲसिटोनसारखे द्रव क्लिअर कोटमध्येही शिरून त्याला मऊ करू शकतात. आणि गाडीला पूर्वी कधी गल्लीतल्या गॅरेजमध्ये 'ड्यूको' मारून घेतला असेल, तर थिनरचं नावच काढू नका. जुन्या पद्धतीचा तो नायट्रोसेल्युलोजचा रंग नुसता द्रव उडून सुकतो. पुन्हा थिनर लागला की वर्षांनंतरही विरघळतो. पेट्रोल रबर फुगवतं खरं, पण ते काम होण्याआधीच उडून जातं, शिवाय भडक्याची भीती.

मी केलं ते असं. दार सावलीत गार होऊ दिलं आणि धुऊन घेतलं, कारण धुळीतले वाळूचे कण फडक्याखाली पॉलिश पेपरचं काम करतात. मग मायक्रोफायबरच्या कापडावर थोडं टर्पेन्टाइन घेऊन ते पट्ट्यावर मिनिटभर नुसतं धरून ठेवलं. पुसताना जोर नाही, आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. तिसऱ्या खेपेला पट्टा गेला. शेवटी शाम्पूने तेलकटपणा काढला. हातात मोजे होते, आसपास सिगारेटवालं कुणी नव्हतं. दाराच्या आतल्या कडेला थेंब लावून आधी तपासलं होतं, हे सांगायचं राहिलं. हेडलाइटच्या काचा आणि बिनरंगाच्या काळ्या पट्ट्या यांच्यापासून मात्र असे द्रव लांबच ठेवावेत. ते प्लॅस्टिक असतं, त्याला तडे किंवा डाग पडू शकतात.

एवढं करूनही पांढऱ्यावर एक फिकट तपकिरी सावली उरली. ती रबराची नाही. ओझोनमुळे टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू टायरच्या पृष्ठभागावर येत राहतं. जुने टायर तपकिरी दिसतात ते बऱ्याचदा याच्यामुळे. अशी रसायनं शेजारच्या रंगातही उतरतात. याच 6पीपीडीपासून ओझोनच्या संपर्कात तयार होणारा एक पदार्थ पावसाच्या पाण्यासोबत ओढ्यांत जातो आणि कोहो सॅमन मासे मारतो, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं.

क्लिअर कोटमध्ये मुरलेल्या सावलीला टर्पेन्टाइनने फरक पडत नाही. गॅरेजवाला म्हणाला, "कंपाउंड मारून देतो." कंपाउंड म्हणजे क्लिअर कोटचा एखाद-दुसरा मायक्रॉन खरवडणं, आणि डाग त्याहून खोल असला तर तेही व्यर्थ. मी नको म्हटलं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कुठे आहे ते माहीत असेल तरच ती सावली दिसते.